ताश्कंदच्या गाठी : १९१८ मधल्या एका टेहळणीचा प्रकरण अभ्यास

सोलापुरात कापसाची गाठ म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माझे थोरले चुलते नरसिंग गिरजी मिलच्या गोदामावर होते. पट्टी न तोडता, नुसता हात फिरवून ते गाठीचं वजन सांगायचे, आणि तिनं ओल धरलीय की नाही तेही. त्यांचं एक बोलणं माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. ‘माल वऱ्हाडात ढीगभर पडलाय म्हणून काय करायचं? वॅगन लागली तर तो आपला.’

सैन्यात सिग्नलमध्ये बावीस वर्षं काढून मी परत आलो आणि अशोक चौकाजवळ संध्याकाळचा वर्ग सुरू केला. संरक्षण दलाच्या परीक्षा देणारी मुलं-मुली येतात. त्यांच्यापुढे मी वर्षातून एकदा १९१८ चं ताश्कंद मांडतो. त्यात हेर आहे, वेषांतर आहे, बर्फातला प्रवास आहे, आणि मुलांना आधी तेच हवं असतं. मी मात्र सुरुवात चुलत्यांच्या वॅगनपासून करतो. या प्रकरणाचं कुलूप त्याच किल्लीनं उघडतं, अशी माझी खात्री आहे.

क्रांतीनंतरचा मुलूख

नोव्हेंबर १९१७ मध्ये पेट्रोग्राडला बोल्शेविक सत्तेवर आले, त्याच सुमारास ताश्कंदची सत्ताही तिथल्या सोव्हिएतनं, म्हणजे क्रांतिकारी समितीनं, घेतली. हे सोव्हिएत मुख्यतः रशियन रेल्वे कामगारांचं आणि सैनिकांचं होतं. तुर्कस्तानात (आजचा तुर्की देश नव्हे, मध्य आशियातला झारच्या अमलाखालचा मुलूख) बहुसंख्य असलेल्या मुसलमान रहिवाशांना सुरुवातीला त्यात जागाच नव्हती. त्यांच्या पुढाऱ्यांनी कोकंदला स्वायत्त सरकार उभारलं, तर फेब्रुवारी १९१८ मध्ये ताश्कंदच्या फौजेनं ते मोडून शहर जाळलं. फरगणा खोऱ्यात त्यातून बंडखोरांच्या टोळ्या उठल्या. त्यांनाच पुढे बासमाची म्हणू लागले. मार्चमध्ये ताश्कंदचा प्रमुख कोलेसोव्ह बुखाऱ्याच्या अमिरावर चालून गेला आणि हात हलवत परतला.

म्हणजे नकाशावर तुर्कस्तान केवढाही मोठा दिसो, ताश्कंदचा अंमल होता तो रूळांवर आणि रूळांकाठच्या शहरांवर. मी फळ्यावर काढतो त्या दोन रेषाच. एक ताश्कंदहून वायव्येला ओरेनबर्गमार्गे रशियात जाणारी. दुसरी पश्चिमेला समरकंद, मर्व्ह, अश्खाबाद करत कास्पियन समुद्रावरच्या क्रास्नोव्होद्स्क बंदरापर्यंत. मर्व्हपासून एक फाटा दक्षिणेला कुश्का या ठाण्यापर्यंत जायचा, म्हणजे अफगाणिस्तानच्या उंबरठ्यावर. मुलांना सांगतो, या दोन रेषा आणि हा फाटा वहीत उतरवा, बाकी डोंगर-नद्या नंतर.

सिमल्याची दोन भयं

३ मार्च १९१८ ला ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह झाला आणि रशिया महायुद्धातून बाहेर पडला. उन्हाळ्यात सिमल्याहून कारभार करणाऱ्या इंग्रजांच्या हिंदुस्थान सरकारच्या दृष्टीनं इराणच्या उत्तरेची भिंतच पडली. त्यांना दोन गोष्टींचं भय वाटत होतं.

पहिलं कैद्यांचं. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातले रशियानं पकडलेले हजारो शिपाई तुर्कस्तानातल्या छावण्यांत होते, त्यांच्यासोबत काही जर्मनही. तहानंतर ते मोकळे झाले. जर्मन अधिकाऱ्यांनी त्यांना हत्यारं देऊन अफगाणिस्तानकडे वळवलं तर?

दुसरं कापसाचं. तुर्कस्तान हा झारच्या साम्राज्याचा कापसाचा मळा, आणि त्या वर्षी माल तिथं पडून होता. रुई नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात भिजवली की नायट्रोसेल्युलोज होतं. तोफांची बिनधुराची दारू त्याचीच. ब्रिटिश नाकेबंदीमुळे जर्मनीला कापूस मिळत नव्हता. ताश्कंदचा कापूस बर्लिनला पोचला तर?

ही भयं अगदीच हवेतली नव्हती. १९१५ मध्ये नीडरमायर आणि हेंटिग यांची जर्मन मंडळी इराणचं वाळवंट तुडवून काबूलला पोचली होती. त्यांच्याबरोबर राजा महेंद्रप्रताप आणि मौलवी बरकतुल्ला होते, आणि १ डिसेंबर १९१५ ला काबूलमध्ये स्वतंत्र हिंदुस्थानचं हंगामी सरकार जाहीर झालं होतं. इराणात त्याच काळात आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे इंग्रजांविरुद्ध लढत होते. पूर्व इराणात इंग्रजांनी जी ठाण्यांची साखळी उभी केली ती अशाच माणसांना अफगाण हद्दीत शिरू न देण्यासाठी.

इथे मी वर्गात थांबतो आणि एक गोष्ट साफ सांगतो. या प्रकरणात आपण ज्या हेरखात्याच्या खांद्यावरून पाहणार आहोत, ते आपल्या स्वातंत्र्याच्या विरुद्ध बाजूला उभं होतं. त्याची कामगिरी शिकायची, कारण कसब कसबच असतं. पण आपण कुणाच्या डोळ्यांनी पाहतोय हे विसरायचं नाही.

तीन वाटा, तीन माणसं

हिंदुस्थान आणि इराकच्या बाजूनं १९१८ मध्ये तीन मोहिमा निघाल्या. जनरल डन्स्टरव्हिल बगदादकडून बाकूला गेला. त्याचं प्रकरण वेगळं आहे, ते इथे सोडतो. मेजर जनरल विल्फ्रिड मॅलेसन ईशान्य इराणातल्या मशहदला गेला. आणि लेफ्टनंट कर्नल फ्रेडरिक मार्शमन बेली काश्मीरमार्गे चीनच्या हद्दीतल्या काशगरला.

बेली लाहोरला १८८२ मध्ये जन्मला. तिबेटी उत्तम बोलायचा, १९०४ च्या ल्हासा मोहिमेत होता आणि १९१३ मध्ये मोर्सहेडबरोबर त्सांगपो नदीच्या घळीतून फिरला होता. तिथे मिळालेल्या निळ्या खसखशीच्या फुलाला त्याचं नाव आहे. असा माणूस निवडण्यात सिमल्याचं काहीच चुकलं नाही. त्याच्याबरोबर ब्लॅकर नावाचा गाइड्स पलटणीचा अधिकारी होता. काशगरला जॉर्ज मॅकार्टनी होता, १८९० पासून तिथेच मुरलेला इंग्रज प्रतिनिधी. त्याची जागा घ्यायला एथर्टन आला होता.

आता तारखा. माझ्या वर्गाचा निम्मा तास या तारखांवरच जातो.

जुलै १९१८ च्या सुरुवातीला बोल्शेविकांविरुद्ध उठलेल्या कोझॅक सरदार दुतोव्हनं ओरेनबर्ग घेतलं. ताश्कंदची रशियाशी जोडणारी रेल्वे तुटली. त्याच महिन्याच्या ११-१२ तारखेला अश्खाबादच्या रेल्वे कामगारांनी ताश्कंदच्या जाचाविरुद्ध उठाव केला आणि कास्पियनकडे जाणारी रेल्वेही ताश्कंदच्या हातून गेली. दोन रेषा होत्या, दोन्ही दहा-बारा दिवसांत बंद. मॅलेसन मशहदला पोचला तो जुलैच्या मध्यावर, आणि अश्खाबादची माणसं मदत मागायला त्याच्याच दारात आली.

बेली त्या वेळी काशगरलाच होता. जुलैच्या अखेरीस तो तिथून निघाला, इर्केश्ताम, ओश, अंदिजान करत ऑगस्टच्या मध्यावर ताश्कंदला पोचला. ज्या प्रश्नांची उत्तरं आणायला तो निघाला, त्यांचं निम्म्याहून अधिक उत्तर त्याच्या आधी दोन आठवडे नकाशावर लिहून झालं होतं.

उंटांचं गणित

मुलं लगेच विचारतात, रेल्वे नाही तर उंट आहेत की. मध्य आशियात हजारो वर्षं उंटांवरच माल जात होता.

मग मी गणित घालतो. चांगला उंट लांबच्या मजलीला साधारण दोनशे किलो ओझं नेतो. आपल्याकडची गाठ १७० किलोची. म्हणजे एक उंट, एक गाठ. त्या काळचा रशियन मालडबा वजनानं साधारण १६ टन घ्यायचा. एका डब्याच्या कामाला चौऱ्याण्णव उंट लागले. तीस डब्यांच्या एका मालगाडीला अठ्ठावीसशे. ते घेऊन जायचं कुठे? वायव्येला दुतोव्हच्या कोझॅकांमधून, किंवा पश्चिमेला काराकुमच्या वाळवंटातून शत्रूच्या ठाण्यांवरून. आणि तुर्कस्तानात त्या वर्षी माणसांनाच धान्य नव्हतं, उंटांच्या चाऱ्याचं कोण बघणार.

धान्य का नव्हतं, हेही रूळांशीच येऊन थांबतं. झारच्या अमलात चांगली ओलिताखालची जमीन कापसाला गेली होती आणि गहू बाहेरून रेल्वेनं यायचा. रेल्वे तुटली तसा गहू तुटला आणि दुष्काळ पडला. इंजिनांना बाकूचं खनिज तेल मिळेना, तेव्हा सरकीचं तेल जाळलं, अरल समुद्राचे वाळवलेले मासेसुद्धा भट्टीत घातले. सरकीचं तेल म्हटल्यावर वर्गात चुळबूळ होते. सोलापूरच्या पोरांना सरकी माहीत आहे. ज्या गावात आगगाडी माशांवर चालवावी लागते, ते गाव बर्लिनला कापूस कसला धाडणार!

कैद्यांचंही तेच. त्यांना हवं होतं ते घर. व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग. तहानं ते मोकळे झाले पण घरी जायची एकुलती एक वाट ओरेनबर्गवरून, आणि ती बंद. छावण्यांत टायफसनं माणसं मेली होती. उरलेले शहरात सुतारकाम, स्वयंपाक, वाजंत्री, पडेल ते काम करत होते. काहीजण भाकरीसाठी लाल सैन्यात गेले, काही हंगेरियन मनापासून क्रांतीचे झाले. पण कुणा जर्मन अधिकाऱ्याच्या हुकमावर अफगाणिस्तानकडे कूच करणारी फौज त्यांच्यात नव्हती. आणि असती तरी कुश्काचा फाटा मर्व्हहून सुटतो, त्या पट्ट्यातच अश्खाबाद आणि ताश्कंद यांची लढाई जुंपलेली होती.

आणखी एक धागा. जर्मनीनं नाकेबंदी सोसत लाकडाच्या लगद्यापासून नायट्रोसेल्युलोज करायला युद्धकाळातच सुरुवात केली होती. कापूस मिळाला असता तर त्यांनी घेतला असता यात शंका नाही, पण कापसावाचून त्यांच्या तोफा थंडावल्या नव्हत्या. भय मोजताना सिमल्यानं हे किती धरलं होतं?

एकाच आठवड्यात

आता प्रकरणाचा गाभा. बेलीच्या हातून यात चूक झाली नाही, म्हणूनच ते बोचतं.

ऑगस्ट १९१८ च्या मध्यावर मॅलेसननं १९ व्या पंजाबी पलटणीची एक छोटी तुकडी मशीनगनसह सरहद्दीपार धाडली. मर्व्हच्या पूर्वेला बैराम अली इथे अश्खाबादवाल्यांची पळापळ झाली तेव्हा याच पंजाब्यांनी ताश्कंदच्या सैन्यावर गोळ्या चालवल्या. क्रांतीनंतरच्या रशियाच्या सैन्याशी मध्य आशियात हिंदी शिपायांची ही पहिली गाठ. १९ ऑगस्टला मॅलेसननं अश्खाबाद समितीशी करारच केला. ऑगस्टच्या अखेरीपासून काख्का आणि १४ ऑक्टोबरला दुशाक इथे मोठ्या लढाया झाल्या. दुशाकला पंजाबी पलटणीची फार हानी झाली.

त्याच आठवड्यात, बैराम अलीच्या धामधुमीत, बेली ताश्कंदच्या स्टेशनवर उतरला. तो उघडपणे गेला होता, सरकारचा प्रतिनिधी म्हणून. ज्या सत्तेला लंडननं मान्यता दिलेली नाही तिच्याशी बोलणी करायला. परराष्ट्र खातं पाहणारा दामागात्स्की त्याला विचारतो, तुमचं सैन्य आमच्यावर का चालून आलंय? बेली सांगतो, मला माहीत नाही. आणि हे अक्षरशः खरं होतं. त्याच्याच सरकारनं त्याला सांगितलं नव्हतं.

इथे मी मुलांना विचारतो, तुम्ही दामागात्स्की असता तर काय समजला असता? दोनच गोष्टी. हा माणूस खोटं बोलतोय, किंवा याच्या सरकारात याला काडीची किंमत नाही. दोन्ही अर्थांनी बेली निकामी झाला. त्या शहरात त्याला तत्काळ कैद केलं नाही हेच नवल. मॅकार्टनीही मायदेशी निघण्याआधी ताश्कंदला येऊन गेला. तो आणि ब्लॅकर सप्टेंबरात परत फिरले. बेली मागे राहिला.

मशहदला तार होती. मॅलेसनचा अहवाल तारेनं हिंदुस्थानला पोचायचा आणि हुकूम तारेनं परत यायचा. बेलीच्या मागे काशगर, काशगरच्या मागे हुंझ्याची डोंगरवाट आणि गिलगिटपर्यंत धावणारे हरकारे. एकाच सरकारचे दोन हात, एकाची नस मेंदूशी जोडलेली, दुसऱ्याची पर्वतात हरवलेली. मॅलेसनला सैन्य पुढे घालायचा हुकूम देताना ताश्कंदला निघालेल्या माणसाचा विचार सिमल्यानं केला असता, तर एक तर त्याला काशगरला थांबवलं असतं किंवा तुकडी दोन आठवडे उशिरा धाडली असती. दोन्ही त्यांच्या हातात होतं. दोष कुणाच्या माथी मारायचा असं मुलं विचारतात तेव्हा मी सिमल्याकडे बोट दाखवतो. मॅलेसन समोरची आग विझवत होता, बेली सांगितलेलं काम करत होता. दोन्ही नकाशे एका टेबलावर ठेवायचं काम फक्त सिमल्याचं होतं.

मला हे लागतं त्याला कारण आहे. एका डोंगरी ठाण्यावर असताना नाल्यावरचा पूल खचल्याची खबर माझ्या हातून वेळेवर गेली. पुढच्या केंद्रावर ती चाळीस मिनिटं पडून राहिली, कारण तिच्यावर तातडीचा शिक्का नव्हता, आणि तो शिक्का मारायचा अधिकार माझ्याकडे नव्हता. रसदीच्या दोन गाड्या तोवर निघून गेल्या. पुढच्या चालकानं पाण्याचा आवाज ऐकून गाडी थांबवली म्हणून माणसं वाचली. त्या रात्रीनंतर कुठलीही खबर हाती आली की ती कधी निघाली हे मी आधी पाहतो, मजकूर नंतर.

अज्ञातवास

पुढचा भाग सगळ्यांना आवडतो, मी तो भरभर सांगतो. ऑक्टोबरच्या मध्यात बेलीवर पहारा बसला. २० ऑक्टोबर १९१८ ला तो ऑस्ट्रियन कैद्याचा जुना गणवेश चढवून नाहीसा झाला. डोंगरात मधमाश्या पाळणाऱ्याच्या घरी राहिला. फरगण्याकडे निसटायचा प्रयत्न बर्फात पडून गुडघा दुखावल्यानं फसला. जानेवारी १९१९ मध्ये ताश्कंदच्या युद्धखात्याचा प्रमुख ओसिपोव्ह उलटला, त्यानं चौदा कमिसारांना, म्हणजे तिथल्या बोल्शेविक सरकारच्या कारभाऱ्यांना, गोळ्या घातल्या, आणि बंड मोडल्यावर शहरात सूडाचा कहर झाला. बेली त्या वेळी डोंगरात होता. शहरात सापडता तर त्या बंडाचा सूत्रधार म्हणून भिंतीला उभा केला असता. फेब्रुवारीत तो परत शहरात आला आणि हंगेरियन स्वयंपाकी, रुमानियन, अल्बानियन अशी सोंगं बदलत राहिला.

वर्गात कुणीतरी हमखास बहिर्जी नाईकांचं नाव घेतं. घ्यावंच. पण बहिर्जींनी सुरतेची बातमी आणली ती महाराजांच्या कानी, आणि महाराज घोड्यावर मांड ठोकून तयार होते, असं आपली परंपरा सांगते. बेलीच्या पुढे असा धनीच नव्हता.

त्याच्या सोंगांतली एक गोष्ट मात्र सोलापूरकरांना मी मुद्दाम सांगतो. अल्बानियन का? कारण ताश्कंदमध्ये अल्बानियन बोलणारं कुणी भेटण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. जर्मन सांगितलं असतं तर पहिल्याच चौकात पकडला गेला असता. आपल्या पूर्व भागात तेलुगू ऐकून माणूस कुठल्या तालुक्यातून आला हे दुकानदार ओळखतो. कन्नडचं अक्कलकोटकडे तेच. चार भाषा बोलणाऱ्या गावात परका कसा उघडा पडतो हे आपल्याला कळतं, म्हणून बेलीचा हा हिशेब आपल्याला लगेच पटतो.

१९१९ च्या शरदात त्यानं बोल्शेविकांच्या हेरखात्यातच नोकरी मिळवली. बुखाऱ्यात धाडलेली त्यांची माणसं एकामागून एक मारली जात होती, जायला कुणी तयार नव्हतं, हा अल्बानियन तयार झाला. त्याला जी माहिती काढायला सांगितली तीत कर्नल बेलीचा शोधही होता. बुखाऱ्याहून डिसेंबरात तो काही सोबत्यांसह वाळवंटात शिरला आणि जानेवारी १९२० मध्ये इराणच्या हद्दीत पोचला.

पंधरा महिने! त्या माणसाच्या धैर्यापुढे मी मान झुकवतो. पण प्रकरण अभ्यासात आपल्याला विचारायचं ते हे, की या पंधरा महिन्यांत त्याला धाडलेल्या प्रश्नांचं काय झालं? ३ नोव्हेंबर १९१८ ला ऑस्ट्रिया-हंगेरीनं आणि ११ नोव्हेंबरला जर्मनीनं शस्त्रं खाली ठेवली. बेली तेव्हा लपून बसायला लागून तीन आठवडे झाले होते. कैद्यांची फौज आणि बर्लिनचा कापूस, दोन्ही प्रश्न त्या दिवशी संपले. त्याच्याजवळ दोन्हींची बरोबर उत्तरं होती आणि ती ऐकायची गरज कुणालाच उरली नव्हती.

प्रश्न बदलला, माणूस तोच

१९१९ मध्ये सिमल्याला नवं भय लागलं. मे महिन्यात अमानुल्लाखानाच्या अफगाणिस्तानशी युद्ध झालं. बरकतुल्ला ताश्कंदला आले, अफगाण आणि बोल्शेविक एकमेकांकडे दूत धाडू लागले. ताश्कंदमधून हे जवळून दिसत होतं आणि बेली ते पाहत होता. काशगर आणि मशहदकडे तो माणसांहाती चिठ्ठ्या धाडत असे. काही पोचल्या, काही वाटेत गेल्या.

खरी माहिती मिळू लागली ती मात्र मशहदला. एप्रिल १९१९ पर्यंत मॅलेसननं सैन्य मागे घेतलं आणि नंतरचं वर्ष खबरे आणि बिनतारी यंत्र यांवर काढलं. ताश्कंदला मॉस्कोशी बोलायचं तर तार तुटलेली, म्हणून ते बिनतारीवर बोलत. मशहदचे लोक ते ऐकत आणि उलगडत. मॅलेसननं त्याचा वापर अफगाण आणि बोल्शेविक यांच्यात संशय पेरायलाही केला. वाचकाच्या लक्षात आलं असेल, तुटलेल्या रूळांनीच पुन्हा काम केलं. वाट बंद म्हणून ताश्कंद हवेत बोलू लागलं, आणि हवेत बोललेलं शेजारच्याला ऐकू येतं.

मॅलेसनचं कौतुक करताना माझा हात आखडतो, ते मी लपवत नाही. त्याच्या हुकमावर दुशाकला जे पंजाबी पडले, त्यांना कुणी सांगितलं होतं की तुम्ही कुणासाठी लढताय? पुढच्याच वर्षी, एप्रिल १९१९ मध्ये, त्यांच्याच पंजाबात जालियनवाला बाग झाली.

आपल्या हद्दीवरची एक पहाट

तुलनेसाठी मी मुलांना लांब नेत नाही. सोलापूरहून हैदराबाद रस्त्यानं नळदुर्ग पन्नास किलोमीटरच्या आत आहे. १९४८ मध्ये हा रस्ता निजामाच्या राज्यात शिरायचा. हद्द अशी वेडीवाकडी की बार्शी रस्त्यावरच्या नान्नजसारखी निजामाची गावं मुंबई इलाख्याच्या पोटात होती. इकडून तिकडे सोयरिकी, बाजार, देवदर्शन सगळं चालू असायचं. रझाकारांच्या जाचातून निघालेली कुटुंबं सोलापूर-बार्शीकडे येत होती आणि त्यांच्याबरोबर तिकडच्या बातम्याही.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधुरींचं सैन्य या बाजूनं पुढे सरकलं. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला. त्याच दिवशी दुपारनंतर आघाडीच्या तुकड्या उमरग्याला होत्या. पाचव्या दिवशी निजामानं हार मानली.

बोरीचा पूल आणि ताश्कंदचा कापूस हे दोन प्रश्न मी फळ्यावर शेजारी-शेजारी लिहितो. पूल उभा आहे का, त्यावर पहारा किती, हा प्रश्न बोटावर मावेल एवढा. तो विचारणारा पुलापासून एका रात्रीच्या अंतरावर, उत्तर सकाळपर्यंत ताजं. ‘ताश्कंदमध्ये काय चाललंय, जर्मन काय करतील’ हा प्रश्न घेऊन माणूस हिमालय आणि पामीर ओलांडतो, आणि विचारणारा तीन महिने दूर. गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, ‘सर, मग बेलीला धाडायलाच नको होतं का?’ मी म्हणालो, धाडायला हवं होतं, पण एकच प्रश्न देऊन : दोन्ही रेल्वे कधी सुरू होतील? त्याचं उत्तर ताश्कंदच्या कुठल्याही इंजिन ड्रायव्हरनं चहाच्या कपावर दिलं असतं. आणि त्या उत्तरात कापूस, कैदी, धान्य, अफगाण हद्द सगळं आलं असतं.

ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘म्हणजे जुलैमध्येच मशहदला विचारायचं.’ बरोबर. अश्खाबादच्या उठावाचा पुढारी फुन्तिकोव्ह स्वतः इंजिन ड्रायव्हर होता, आणि त्याची माणसं मॅलेसनच्या दारात उभी होती.

याच सिमल्याच्या सरकारनं बारा वर्षांनी आपल्या गावाकडे पाहिलं. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून माझी मुलं रोज वर्गाला येतात. दुरून पाहणाऱ्या सत्तेचं भय कशात बदलू शकतं, हे त्यांना ताश्कंदवरून शिकायची गरज नाही.

गाठी शेवटी कुठे गेल्या

हा प्रश्न माझ्या चुलत्यांनी विचारला होता, वर्गातल्या कुणी नाही. मी त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते. बेलीचं पुढे काय झालं हे त्यांनी विचारलं नाही. ‘माल कुठे गेला?’ एवढंच.

मालही रेल्वेची वाट पाहत होता. १९१९ च्या उन्हाळ्यात मिखाईल फ्रुंझे लाल सैन्याच्या तुर्कस्तान आघाडीवर आला. त्याचा जन्म तुर्कस्तानातला, पण कामगार चळवळीत तो घडला ते इवानोवो-वोझ्नेसेन्स्कच्या कापड गिरण्यांत. १९०५ च्या संपात तिथल्या कामगारांनी आपलं सोव्हिएत उभं केलं होतं. त्याच गिरण्यांतल्या विणकरांची एक पलटण बोल्शेविकविरोधी सेनापती कोल्चाकविरुद्ध पूर्वेच्या आघाडीवर लढली. कापूस नसल्यानं त्यांचे माग बंद पडले होते. सप्टेंबर १९१९ मध्ये ओरेनबर्गकडून आलेलं सैन्य आणि ताश्कंदकडून आलेलं सैन्य रूळांवर एकमेकांना भेटलं, आणि मार्ग खुला झाला. मग वॅगनी लागल्या. तुर्कस्तानचा कापूस उत्तरेला रशियातल्या गिरण्यांकडे निघाला.

चुलते म्हणाले, ‘मग सुतच झालं म्हणायचं त्याचं.’